जुनी ३९० की नवी ३९०? अडीच पीएसच्या फरकामागची दहा वर्षं

भाच्याचा फोन आला तो थेट मुद्द्यावरच. "मामा, २०१४ ची केटीएम ३९० ड्यूक मिळतेय. सिंगल ओनर, पेपर क्लिअर. नवी घ्यायची तर पाच वर्षं हप्ते. आणि दोन्हींच्या पॉवरमध्ये फरक किती, तर अडीच पीएस! मग बाकीचे पैसे कशाचे?"

प्रश्न रास्त होता (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर, पॉवरचं माप) आणि फोनवर उरकण्यासारखा नव्हता. दोन्ही बाईक मी चालवल्यात. जुनी मावसभावाची, भरपूर. नवी एका मित्राची, त्या मानाने कमी, पण ताम्हिणीत आणि भर पावसात. भाच्याला जे समजावलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. जुन्या पिढीची बाईक स्वस्तात घ्यायची की नवी कर्जावर, या पेचात आज कितीतरी मुलं आहेत, आणि बहुतेक जण दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवून आकडे ताडून बघतात. आकडे बरोबरच असतात. ते वाचायचे कसे, तेवढं कुणीतरी बसवून सांगायला हवं.

आधी या दोघींची ओळख. केटीएम ऑस्ट्रियातल्या माटिगहोफेन गावची कंपनी. २००७ मध्ये आपल्या बजाज ऑटोने तिच्यात भागीदारी घेतली आणि लहान इंजिनाच्या ड्यूक पुण्याजवळ चाकणला तयार होऊ लागल्या. जानेवारी २०१२ मध्ये २०० ड्यूक आली, जून २०१३ मध्ये ३९०. तेव्हा तिची दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत होती १ लाख ८० हजार. तेवढ्या पैशात चाळिशीपार पॉवर, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि उलटा फोर्क (पुढच्या चाकाचे दणके सोसणाऱ्या दोन नळ्या) हे सगळं एकत्र तेव्हा दुसरं कुणी देत नव्हतं. २०१७ मध्ये दुसरी पिढी आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिसरी, ३ लाख ११ हजारांच्या आसपास. इथे तुलना पहिल्या आणि तिसऱ्या पिढीची. मधली पिढी लागेल तिथे डोकावेल.

या बाईकना नेकेड म्हणतात, कारण त्यांच्या अंगावर फेअरिंग, म्हणजे बाहेरचं कवच, नसतं. इंजिन, फ्रेम, रेडिएटर सगळं उघडं. हँडल रुंद आणि वर, त्यामुळे बसणं बऱ्यापैकी सरळ, पण इंजिन आणि ब्रेक स्पोर्ट बाईकच्या जातीचे. शहरात वळवायला सोपी आणि घाटात खेळकर. तोटा एकच, हायवेला शंभरच्या पुढे वारा थेट छातीवर.

चरक आणि बैल

आता आकडे. जुनीचं इंजिन ३७३ सीसी, नवीचं ३९९. दोन्ही एकाच सिलिंडरची, लिक्विड कूल्ड, चार व्हॉल्व्हची. सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, दोन्हींचा तोच, ८९ मिलिमीटर. बदलला तो स्ट्रोक, म्हणजे पिस्टन खालीवर जातो ते अंतर. जुनीत ६० मिलिमीटर, नवीत ६४. फक्त चार मिलिमीटर. पण या चार मिलिमीटरमध्ये बरंच काही दडलंय.

जुनी ९५०० आरपीएमला ४३.५ पीएस देते, नवी ८५०० ला ४६. टॉर्क जुनीचा ३५ न्यूटन-मीटर, ७२५० आरपीएमला. नवीचा ३९, ६५०० ला.

पॉवर आणि टॉर्क यांत गल्लत होते, म्हणून उसाचा बैलचरक डोळ्यांपुढे आणा. बैल दांड्याला किती जोर लावतो, तो टॉर्क. मिनिटाला किती फेऱ्या मारतो, ते आरपीएम. दिवसाअखेरी किती रस निघाला हे दोन्हींच्या गुणाकारावर ठरतं, आणि तो गुणाकार म्हणजे पॉवर. चपळ बैल कमी जोर लावूनही भराभर फेऱ्या मारून तेवढाच रस काढेल. दणकट बैल निवांत चालून काढेल. माहितीपत्रकात तुम्हाला फक्त रस दिसतो. बैल कोणता, ते शोधून काढावं लागतं.

काढू या. किलोवॅटला ९५४९ ने गुणून आरपीएमने भागलं की त्या क्षणाचा टॉर्क मिळतो. जुनीचे ४३.५ पीएस म्हणजे ३२ किलोवॅट. ९५०० आरपीएमला भागाकार येतो साधारण ३२ न्यूटन-मीटर. म्हणजे पॉवरच्या शिखरावर पोचेपर्यंत जुनीचा जोर ३५ वरून ३२ वर घसरलेला असतो, ती निव्वळ वेगाच्या जिवावर पॉवर काढते. नवीचे ४६ पीएस म्हणजे ३३.८ किलोवॅट, ८५०० ला भागून ३८ न्यूटन-मीटर. शिखरावरही तिचा जोर जवळजवळ पूर्ण. पॉवरमध्ये अडीचच पीएसचा फरक, पण त्या बिंदूवरच्या टॉर्कमध्ये सहा न्यूटन-मीटरचा. भाच्याने जे दोन आकडे ताडून पाहिले होते, त्यांच्यात हे कुठेच दिसत नव्हतं.

आणखी एक हिशोब मला स्वतःला फार आवडतो. स्ट्रोक वाढला म्हणजे पिस्टनला जास्त अंतर कापावं लागणार, इंजिनावर ताण वाढणार, असं सहज वाटतं. जुनी ९५०० ला असते तेव्हा पिस्टन सरासरी सेकंदाला १९ मीटर धावत असतो आणि त्याच एका सेकंदात तीनशेहून जास्त वेळा पूर्ण थांबून दिशा बदलत असतो. नवीत स्ट्रोक मोठा असूनही शिखर हजार आरपीएम खाली आलंय, त्यामुळे पिस्टनचा सरासरी वेग १८ मीटरच्या जवळ उतरतो. म्हणजे जास्त काम, कमी धावपळ.

मग सरळ पन्नास पीएस का नाही केले? याचं मोठं कारण युरोपात आहे. तिथल्या तरुणांच्या ए२ लायसनला ३५ किलोवॅटची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे साडेसत्तेचाळीस पीएस. शिवाय दर किलो वजनामागे ०.२ किलोवॅटचीही. हा वर्ग त्याच गिऱ्हाइकासाठी आहे. छप्पर ठरलेलं असेल तर इंजिनिअर उंची वाढवत बसत नाही, खालची जागा नीट भरून घेतो. दुसरं कारण धुराचे नियम. जुनी आली तेव्हा आपल्याकडे बीएस ३ होतं. २०१७ मध्ये बीएस ४, २०२० मध्ये बीएस ६, एप्रिल २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा. प्रत्येक पायरीला इंजिनाचा श्वास थोडा आवळला जातो: धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मोठा, पेट्रोल-हवेचं मिश्रण काटेकोर, आवाजावरही बंधन. गेलेला जोर परत मिळवायचा सगळ्यात साधा मार्ग म्हणजे सीसी वाढवणं. इंजिनाची ही २६ सीसी वाढ काही अंशी त्या नियमांची भरपाई आहे.

एसटीच्या मागे, तिसऱ्या गिअरमध्ये

हा फरक अंगाला कुठे जाणवतो? मुळशी ओलांडून ताम्हिणी चढताना पुढे लाल एसटी आली की. तुम्ही तिसऱ्यात, वेग चाळीसच्या आत, इंजिन चार हजारांच्या खाली. एका मोठ्या सिलिंडरचा स्फोट क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच होतो, त्यामुळे कमी आरपीएमला दोन धक्क्यांमधलं अंतर जाणवतं. जुनी इथे कुरकुरते. चेन कडकडते, टाकी मांड्यांना थरथरते, आणि एसटीने वाट दिली की तिसऱ्यात मूठ पिळून काही होत नाही. दुसरा टाकावाच लागतो. दुसरा टाकला, काटा साताच्या पुढे गेला, की मात्र ती एकदम झेपावते. सात ते साडेनऊ हजारांमधली ती धाव ज्याने अनुभवली त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. आवाज बदलतो, पुढचं चाक हलकं होतं.

नवी त्याच जागी तिसऱ्यातच निघते. गचका नाही, आरडाओरडा नाही. मोकळी सरळ वाट दिसली, मूठ उघडली, एसटी आरशात. घाटात मागे बसणाऱ्यालाही हा फरक कळतो, कारण त्याची मान दर गिअरला मागे-पुढे होत नाही.

खरं सांगायचं तर वरच्या आरपीएमची ती झेप मला नवीत कमी वाटली. नवी जोरदार आहे, पण सगळीकडे सारखी जोरदार. एका सुट्टीच्या सकाळी, रस्ता कोरडा आणि रिकामा असेल, तर जुनीच्या त्या वेडेपणाची आठवण येते. पण घाट रोज रिकामा नसतो, आणि जोर लागेल त्या क्षणी हाताशी असणं ही ओव्हरटेक करताना सुरक्षिततेचीच गोष्ट आहे.

वजनाचा घोळ

वजनात लोक हमखास फसतात. जुनीचं वजन बऱ्याच ठिकाणी १३९ किलो लिहिलेलं सापडतं, नवीचं १६८.३. एकोणतीस किलोचा फरक बघून भाचा हबकला होता. पण १३९ हे कोरडं वजन, म्हणजे पेट्रोल वगैरे न धरता. १६८.३ हे टाकी भरून, चालवायला तयार अवस्थेतलं. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या जवळ भरतं. जुनीची टाकी ११ लिटरची, म्हणजे आठ किलो तिथेच. बाकीची तेलं-पाणी धरली की जुनी दीडशेच्या पुढे सरकते. खरा फरक पंधरा-वीस किलोच्या घरात. त्यातलेही तीन किलो नवीच्या १५ लिटरच्या टाकीत जास्त मावणाऱ्या पेट्रोलचे.

सत्तर किलोचा स्वार बसवून पॉवर आणि वजनाचं गुणोत्तर काढलं तर दोघी जवळजवळ बरोबरीत येतात, किंबहुना जुनी केसभर पुढे निघते. पार्किंगमध्ये मागे ढकलताना, सिग्नलच्या गर्दीत वळवताना जुनीचा हलकेपणा चटकन कळतो. चालू लागल्यावर नवी तो फरक बराचसा पुसून टाकते. तिचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १३५७ मिलिमीटर, जुनीपेक्षा १० ने कमीच.

टाकीचं मात्र मोल आहे. लिटरला पंचवीस धरलं तर ११ लिटरमध्ये पावणेतीनशे किलोमीटर, १५ मध्ये पावणेचारशे. पुण्याहून पणजीला निघालेल्याला पेट्रोलचा थांबा शंभर किलोमीटर पुढे ढकलता येतो.

मूठ पिळली की पुढे काय होतं

जुनीत उजवी मूठ पिळली की एक केबल ओढली जाते आणि इंजिनाच्या तोंडावरची झडप उघडते. हातात जे केलं तेच इंजिनात होतं. हात थरथरला तर बाईकही थरथरते. खड्ड्यातून जाताना मनगट आपोआप हललं की गचका बसतो.

नवीत केबल नाही. मुठीत एक सेन्सर असतो. तो फक्त सांगतो की स्वाराला इतकी मूठ हवी आहे. मग ईसीयू, म्हणजे बाईकचा छोटा संगणक, विचार करतो: गिअर कोणता, आरपीएम किती, मागचं चाक घसरतंय का, मोड पावसाचा आहे का. आणि एका छोट्या मोटरने झडप तेवढीच उघडतो. याला राईड-बाय-वायर म्हणतात. ३९० ड्यूकला ते २०१७ च्या पिढीपासून आलं. भाच्याला मी म्हटलं, जुनी म्हणजे तू स्वतः भाजीत मीठ टाकतोस. नवीत तू आईला सांगतोस, मीठ टाक. किती टाकायचं ते तिला ठाऊक असतं.

बाकीची बरीच जादू या एका बदलावर उभी आहे. ट्रॅक्शन कंट्रोल ओल्या रस्त्यावर मागचं चाक सुटायला लागलं की जोर आवरतो, कारण झडप आता त्याच्याही हातात आहे. क्विकशिफ्टरही असाच. गिअरच्या दांडीवर पायाचा दाब आला की सेन्सरला कळतं, ईसीयू निमिषभर इंजिनाचा जोर तोडतो, एकमेकांत अडकलेले गिअरचे दात सैल होतात आणि क्लच न दाबता पुढचा गिअर बसतो. खाली उतरताना उलटं. ईसीयू स्वतःच मूठ क्षणभर उघडल्यासारखं करून आरपीएम जुळवतो. केबलवाल्या बाईकमध्ये हे दुसरं काम सहसा होत नाही. तिथे ते मनगटाला शिकवावं लागतं, आणि शिकलेलं मनगट फार सुंदर काम करतं हेही खरं.

लाँच कंट्रोलही दिलंय नवीला, जागेवरून झपकन सुटण्यासाठी. ट्रॅकवर जाणाऱ्याने त्याचा विचार करावा.

एक भाकरी, खाणारे दोन

आता ज्या गोष्टीसाठी मी भाच्याला खरोखर बसवून घेतलं, ती.

टायर रस्त्याला जिथे टेकतो ती जागा तळहाताएवढी. बाईकची सगळी पकड तेवढ्यावर. ही पकड म्हणजे एक भाकरी समजा. सरळ चालताना ब्रेक दाबला तर अख्खी भाकरी ब्रेक खाऊ शकतो. वळणात बाईक झुकवली की अर्धी-पाऊण भाकरी वळण्यातच संपते. त्यात ब्रेकने अख्खी मागितली, तर भाकरी पुरत नाही आणि चाक सुटतं. ओल्या रस्त्यावर भाकरीच लहान. शेवाळावर, रंगाच्या पांढऱ्या पट्ट्यावर, दरडीची लाल माती वाहून आलीय तिथे तर कोरभरच.

साधा एबीएस, जो जुनीत आहे, एवढंच बघतो की चाक फिरायचं थांबतंय का. चाकाजवळ खाचा असलेली एक चकती असते, सेन्सर त्या खाचा मोजतो. खाचा अचानक थांबल्या की पंप ब्रेकचा दाब सोडतो, पुन्हा धरतो, पुन्हा सोडतो. लिव्हरमध्ये बोटांना ती फडफड जाणवते. सरळ रेषेत याच्याइतका भरवशाचा सोबती नाही. २०१३ मध्ये एक लाख ऐंशी हजारांच्या बाईकला दोन्ही चाकांवरचा एबीएस देणं ही मोठीच गोष्ट होती. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेल्सना एबीएस सक्तीचा झाला तो एप्रिल २०१८ पासून. पण या एबीएसला बाईक उभी आहे की झुकलीय हे माहीतच नसतं. तो समजतो अख्खी भाकरी हाताशी आहे. वळणात त्याला चूक कळेपर्यंत बऱ्याचदा पुढचं चाक आडवं सरकलेलं असतं.

नवीत आयएमयू नावाचा सेन्सर आहे, फोन आडवा केला की चित्र फिरवणारा असतो त्याच जातीचा, पण कितीतरी चलाख. बाईक किती अंशांत झुकलीय, पुढचं टोक किती दबलंय हे तो सतत सांगत राहतो. त्यावरून कॉर्नरिंग एबीएस ठरवतो की आता ब्रेकला किती भाकरी द्यायची. झुकलेले असताना घाबरून लिव्हर गच्च दाबलात तरी तो दाब ब्रेकपर्यंत हप्त्याहप्त्यानेच जाऊ देतो. कॉर्नरिंग ट्रॅक्शन कंट्रोल तेच काम मागच्या चाकाच्या जोरासाठी करतं.

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीतल्या एका डाव्या वळणावर धबधब्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं आणि फोटोसाठी थांबलेली एक गाडी अर्धी रस्त्यात. मी मित्राच्या नवीवर होतो. वेग जास्त नव्हता, पण बाईक झुकलेली होती आणि बोटांनी विचार न करता ब्रेक आवळला. हँडलमध्ये बारीकशी फडफड जाणवली, बाईक थोडी सरळ झाली आणि गाडीच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबली. दिवे लुकलुकले नाहीत की काही विशेष घडलं असं वाटलं नाही. त्याच जागी जुनीवर असतो तर? बोटं तशीच आवळली असती, आणि पुढचं मी बोलत नाही. मावसभाऊ दहा वर्षं जुनी चालवतोय, तो अशा ठिकाणी आधीच बाईक सरळ करतो आणि मग ब्रेक लावतो. त्याला ते रक्तात भिनवावं लागलं. भाच्याचं लायसन दीड वर्षापूर्वीचं आहे.

ब्रेक दोन्हीकडे बायब्रे, म्हणजे ब्रेम्बोचाच धाकटा ब्रँड. पुढची डिस्क जुनीला ३०० मिलिमीटर, नवीला ३२०. चकती जेवढी मोठी तेवढा तिला पकडणाऱ्याला फायदा, म्हणून त्याच दाबात नवी जास्त थांबते.

आत काय हललं

फोर्क दोघींना डब्ल्यूपी कंपनीचा, ४३ मिलिमीटरचा, उलटा. जुनीत तो कारखान्याने जसा दिला तसाच वापरायचा. तो कडक आहे. खराब रस्त्यावर मनगटं सांगतात. नवीत फोर्कच्या डोक्यावर खुंट्या आहेत, पाच-पाच टप्प्यांच्या. एक दबणं आवरते, म्हणजे कम्प्रेशन. दुसरी दबलेला फोर्क परत किती चटकन वर येतो ते, म्हणजे रिबाउंड. मागच्या शॉकलाही रिबाउंड आणि प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) लावता येतो. सिंहगड रोडच्या खड्ड्यांसाठी दोन टप्पे सैल, रविवारच्या घाटासाठी दोन टप्पे घट्ट. बरेच मालक या खुंट्यांना कधी हातच लावत नाहीत, याचं वाईट वाटतं. एकदा तास घालवा, एकाच रस्त्यावर, एका वेळी एकच खुंटी फिरवा. सस्पेन्शन म्हणजे काय ते कुठल्याही लेखापेक्षा त्यातून जास्त कळेल.

मागचा शॉक नवीत मधोमध नाही, उजव्या कडेला सरकवलाय, आणि त्याला जागा देण्यासाठी स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, वाकवलाय. दिसायला विचित्र, पण मधली जागा मोकळी झाल्याने एअरबॉक्स, म्हणजे इंजिनाच्या हवेचा डबा, मोठा बसला. इंजिनाला जास्त हवा मिळाली आणि वर सांगितलेला तो खालचा जोर काही अंशी इथून आलाय. एक भाग सरकला की दुसऱ्याला श्वास मिळतो, बाईकची रचना अशीच होते.

जुनी घ्यायचीच असेल तर

भाचा सगळं ऐकून म्हणाला, "तरी जुनी बघून येऊ ना." मला आनंदच झाला, कारण नीट राखलेली पहिल्या पिढीची ३९० आजही छान बाईक आहे. हलकी, थेट, आणि चालवायला शिकवणारी. फक्त दोन हिशोब आधी करून ठेवा.

पहिला, कागदाचा. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची. २०१४ ची बाईक २०२९ मध्ये पुन्हा तपासणीला उभी राहणार. आज घेतलेली बाईक किती वर्षं चालवायची ते त्यावरून ठरवा.

दुसरा, पेट्रोलचा. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, आपल्याच उसातलंही त्यात असतं. एप्रिल २०२३ नंतरच्या बाईकचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले आहेत. २०१४ च्या बाईकचे नाहीत. इथेनॉल ओलावा धरून ठेवतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. इंधनाच्या नळ्या, पंपाजवळची सीलं बदलायची तयारी ठेवा, आणि महिनोन्महिने टाकी अर्धी ठेवून बाईक उभी करू नका. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा एकतृतीयांश कमी, म्हणून मायलेजही थोडं उतरतं.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड असू द्या. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर थंडीत स्टार्ट होताना काय आवाज येतो हे तुमच्यापासून लपवलंय. फोर्कच्या नळीवरून बोट फिरवा, तेलाचा ओशटपणा लागला तर सील गेलंय. पुढचं चाक उचलून हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर खटकन अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, संपलाय. टायरवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर दगडासारखा झालेला असतो, भाकरी लहान होते. रेडिएटरचा पंखा चालू होईपर्यंत बाईक उभी चालू ठेवा. या इंजिनाची उष्णता शहरात बरीच असते आणि पंखा बंद असलेली ३९० घरी न्यायची नसते.

आणि एबीएसचा दिवा. चावी फिरवली की तो लागलाच पाहिजे, आणि बाईक थोडी पुढे गेली की विझलाच पाहिजे. चालतानाही लागून राहिला तर बिघाड आहे, तो दुरुस्त होऊ शकतो. त्याहून वाईट, मुळात लागतच नसेल तर.

रविवारी पिंपरीला गेलो. बाईक दिसायला झकास होती, नवा रंग, नवी चेन. भाचा आधीच बसला होता तिच्यावर, पाय टेकवून, हँडल धरून, चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. मी चावी फिरवायला सांगितली. मीटर उजळला, इंधनाची काडी वर आली, न्यूट्रलचा हिरवा लागला. एबीएसचा दिवा लागला नाही. पुन्हा बंद करून पुन्हा फिरवली. तरी नाही. मालक म्हणाले, "तो दिवा सारखा त्रास द्यायचा, म्हणून काढून टाकला. ब्रेक एकदम फर्स्ट क्लास आहेत."

भाच्याने माझ्याकडे बघितलं, खाली उतरला, आणि चावी त्यांच्या हातात दिली.